सचिवांच्या घरचा कचरा

सचिवांच्या घरात कचरा निघत नाही, ही गंभीर बाब इमारतीच्या मासिक बैठकीत उघडकीस आली, तेव्हा इतिवृत्त खुद्द सचिवच लिहीत होते. त्यांनी ते वाक्य सवयीने उतरवून घेतलं, पुढे ‘चिंतेचा विषय’ असा शेराही मारला, आणि मग हे आपल्याच घराबद्दल चाललंय हे ध्यानात येऊन त्यांचं पेन जागच्या जागी थांबलं.

“सुका कचरा, निरंक,” अध्यक्षबाई म्हणाल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. समोर कोणीही असो, त्या त्याच्याशी मागच्या बाकावरच्या पोरासारखंच बोलत. “मागच्या आठवड्यात निरंक. त्याच्या मागच्याही आठवड्यात निरंक. सचिव, उभे राहा. तुमच्या घरात माणसं राहतात ना?”

“तीन राहतात,” सचिव उभे राहून म्हणाले.

“मग करता काय दिवसभर?”

 याचं उत्तर खरं म्हणजे कोणाकडेच नसतं, पण बाकीच्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. नगर कार्यालयाने ‘माझा कचरा, माझा अभिमान’ हे अभियान हाती घेतलं होतं. घरटी एक निळा डबा. त्यात पुठ्ठा, कागद, प्लास्टिक, काच, पत्रा असं सगळं पुनर्वापराचं सामान टाकायचं आणि रविवारी सकाळी फाटकापाशी काट्यावर आणून ठेवायचं. ज्याच्या डब्याचं वजन जास्त, त्याचं पर्यावरणावरचं प्रेम जास्त, इतकं ते सोपं होतं. त्यातही काट्याची कल्पना सचिवांचीच. उद्घाटनाला तेच काट्यावर उभे राहिले होते. फोटोत पोट जरा जास्तच दिसलं, पण पर्यावरणासाठी माणसाने एवढं सोसायला हवं.

वजनाप्रमाणे प्रत्येक दारावर चिकटपट्टी लागायची. चांगलं वजन असेल तर हिरवं पान आणि खाली ‘जागरूक कुटुंब’. वजन नसेल तर वाळकं पान आणि ‘उदासीन कुटुंब’. इमारतीत सगळ्यात मोठं हिरवं पान होतं विमावाल्यांच्या दारावर. विमावाले घराबाहेर पडून काही विकत घेत नसत. जे हवं ते घरपोच यायचं, खोक्यात खोका आणि त्याच्या आत आणखी एक खोका होऊन. एकदा त्यांचा दात घासायचा ब्रश आला, तेव्हा लिफ्टचं दार लागेना. त्या आठवड्यात समितीने त्यांचा जाहीर सत्कार केला होता.

बैठक संपली आणि सचिव घरी येऊन बघतात तो काय, दारावर वाळकं पान. कडा नीट दाबून, अगदी व्यवस्थित चिकटवलेलं. ते लावायची पद्धतही सचिवांनीच ठरवून दिली होती.

आत त्यांचे सासरे जमिनीवर मांडी घालून सचिवांच्याच जुन्या शर्टापासून केलेल्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवत बसले होते.

सासरे हा या घरातल्या कचराटंचाईचा उगम. जन्मभर छापखान्यात पुस्तकबांधणी केलेला माणूस. सासूबाई गेल्यावर छापखान्याच्या माडीवरच्या खोलीत एकटे राहत होते. एकदा शेगडी पेटती राहिली आणि खिडकीचा पडदा जळून गेला. थोडक्यात निभावलं. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका, आणि सचिवांच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी बापाला घरी आणलं. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. तीत दाभण, जाड दोरा, खळ लावायचा ब्रश आणि कागदाची घडी बसवायची हाडाची एक पट्टी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

त्या दिवसापासून घरातून एक चिंधीसुद्धा बाहेर गेली नव्हती. वर्तमानपत्र वाचून झालं की ते फळीवर अंथरायचं, फळीवर मळलं की भिजवून खळीत कालवायचं आणि त्याचा पुठ्ठा करायचा. शर्टाचा व्हायचा अभ्रा, अभ्र्याची पिशवी, पिशवीचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचंही पुढे काहीतरी ठरलेलं होतं. ते विचारायचं धाडस सचिवांना झालं नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या, खाली सचिवांचे बनियन.

“बाबा, आपल्या दाराला वाळकं पान लागलंय,” सचिव म्हणाले.

“असं?” सासऱ्यांनी दाताने दोरा तोडला. “कागद चांगला असेल तर काढून आणा, जावईबापू. पाठीमागून कोरा असेल.”

बायको स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. “अहो, कचरा नाही म्हणून कोणी शिक्षा करतं का?”

“शिक्षा नाहीये ती. नोंद आहे.”

“मग नोंद करू देत की. आपण काय चोरी केली?”

हे वाक्य सचिवांना पुढे फार छळणार होतं.

खरी गोम वेगळीच होती. पुढच्या महिन्यात अंतिम पाहणी होती. जी इमारत सगळ्यात जास्त कचरा देईल तिच्या फाटकावर फलक लागणार होता आणि तिच्या सचिवाला वर्षभरासाठी ‘हरितदूत’ नेमणार होते. हरितदूताचा फोटो चौकातल्या मोठ्या पाटीवर. सचिवांनी त्यासाठी एक फोटो आधीच काढून ठेवला होता, छातीपर्यंतचाच.

त्यांनी त्याच आठवड्यात तातडीची बैठक बोलावून आपली बाजू मांडून पाहिली. “आमच्याकडे कचरा होतच नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उलट चांगलं नाही का?”

सभा चपापली. 

“सचिव,” अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “कचरा न करणं पर्यावरणात बसत असेल. अभियानात बसत नाही. सगळ्यांनीच तुमच्यासारखं वागायचं ठरवलं, तर आपण काट्यावर काय ठेवायचं? डोकं?”

“आणि कारखान्याने पुन्हा वापर कशाचा करायचा?” विमावाल्यांनी भर घातली. “आधी टाकाल तर पुन्हा वापरतील ना! तुम्ही टाकायलाच तयार नाही. हा स्वार्थ झाला.”

सचिवांना ते पटलं. माणसाला वरून आलेलं पटतंच, आणि विमावाले वरच्या मजल्यावर राहत.

मग त्यांनी कंबर कसली. बाजारातून सुटं सामान आणणं बंद केलं. बिस्किटं आणली ती एकेक वेगळी गुंडाळलेली. साबण आणला तो डब्यातला, डबा पिशवीतला. पाण्याच्या बाटल्यांचा तर गठ्ठाच घेतला, नळाला चोवीस तास पाणी असताना. धापा टाकत जिना चढून आले तर सासरे दारातच.

“अरे वा, जावईबापू! काय सुरेख पुठ्ठा आणलात!” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. “मला वाटायचं तुम्हाला माझा हा उद्योग आवडत नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी एवढं…”

रविवारपर्यंत बाटल्यांची नरसाळी आणि कुंड्या झाल्या, खोक्यांच्या टापटीप पेट्या झाल्या, बिस्किटांच्या चकचकीत कागदांनी पेट्यांना आतून अस्तर लागलं. एक पेटी खास सचिवांसाठी, सभेचे कागद ठेवायला, कोपऱ्यांना कापड लावलेली. पेटी इतकी देखणी होती की सचिवांना ती फेकवेना. निळ्या डब्यात गेला तुटक्या बटणाचा एक तुकडा. काटा हललासुद्धा नाही. पहारेकऱ्याने चष्मा वर करून पाहिलं आणि ‘निरंक’ लिहिलं.

दुसऱ्या शनिवारी दुपारी सगळी इमारत डुलकी घेत असताना सचिव अनवाणी जिन्याने वर गेले, विमावाल्यांच्या डब्यातून दोन मोठे खोके उचलले आणि पोटाशी धरून खाली आणले. सासऱ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून रात्रभर आपल्या पलंगाखाली ठेवले. रविवारी छाती काढून ते काट्यावर ठेवले. काटा झुकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहारेकऱ्याने खोक्यावर चिकटवलेला पत्ता मोठ्याने वाचला. पत्ता विमावाल्यांचा होता.

“माझा खोका!” विमावाले कडाडले. “मी स्वतः मागवलेला! आत काय होतं ते आठवत नाही, पण खोका माझा आहे!”

सचिवांचं तोंड उतरलं. बायकोचं ते ‘आपण काय चोरी केली?’ कानात घुमायला लागलं. तिला तर त्यांनी खोक्यांचं काही सांगितलंच नव्हतं. तिला ते पहारेकऱ्याकडून कळलं आणि मग ती हसायची बंद झाली.

कचराचोरीची रीतसर चौकशी लागली. अध्यक्षबाई घरोघर फिरून डबे उघडून पाहू लागल्या, आणि चौकशीत भलतंच बाहेर आलं. सगळ्या इमारतीचंच वजन उतरत चाललं होतं! तळमजल्यावरच्या शिक्षिका मुलांची फाटकी पुस्तकं सचिवांच्या सासऱ्यांकडून बांधून घेत होत्या. दाताचे डॉक्टर मोडकी छत्री घेऊन गेले होते आणि धड छत्री घेऊन परतले होते. विमावाल्यांच्या खुद्द बायकोने जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या, आणि त्या घेऊन ती आता चालत बाजारात जात होती. हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा विमावाले मटकन खाली बसले.

“म्हणजे रोग पसरतोय,” ते क्षीण आवाजात म्हणाले.

ठराव असा झाला: ‘सदर ज्येष्ठ व्यक्तीमुळे इमारतीच्या कचऱ्यास गळती लागली असून, अंतिम पाहणी होईपर्यंत तिची योग्य ती व्यवस्था सचिवांनी लावावी.’ सूचक विमावाले, अनुमोदक दाताचे डॉक्टर. डॉक्टरांच्या शेजारी ती छत्री उभी होती.

“बाबा, थोडे दिवस हे काम बंद ठेवा,” सचिव घरी येऊन म्हणाले. नजर हातातल्या सभेच्या कागदांच्या पेटीच्या कोपऱ्यावर. “पाहणी होईपर्यंतच. तुम्हालाही जरा आराम.”

“ठेवतो की. त्यात काय,” सासरे म्हणाले.

आणि त्यांनी खरंच बंद ठेवलं. खुर्चीत बसून राहायचे, हात मांडीवर उताणे. कधी सदऱ्याच्या टोकाची घडी घालायचे, उघडायचे, परत घालायचे. पाच-सहा दिवसांनी न्हाणीघराचं दार बराच वेळ लागलेलं बघून सचिव घाबरले, पडलेबिडले की काय म्हणून दार ढकललं. सासरे पालथ्या बादलीवर बसून तळमजल्यावरच्या पोराचं पुस्तक शिवत होते. जावयाला पाहताच त्यांनी ते पाठीमागे लपवलं. सत्तरी उलटलेला माणूस, सिगारेट ओढताना सापडलेल्या पोरासारखा.

“पानांची शेवटचीच जुडी शिवायची राहिली होती हो,” ते म्हणाले.

सचिवांनी दार हळूच ओढून घेतलं. खोटं कशाला सांगायचं, त्यांना वाईट वाटलंच. पण चौकातली पाटीही डोळ्यांपुढून हलेना.

रात्री जेवताना सासऱ्यांनीच विषय काढला. “जावईबापू, मी म्हणतो, पाहणीपुरता माझ्या खोलीवर जाऊन राहतो. माझ्यामुळे तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागते, बरं नाही ते.”

आता इथे ‘छे छे, भलतंच काय बाबा’ असं म्हणायची वेळ होती. ताटातला घास तसाच ठेवून म्हणायचं असतं ते. सचिवांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावला.

“काही दिवसच,” गिळून झाल्यावर ते म्हणाले. “पाहणी झाली की लगेच आणायला येतो.”

“आणि शेगडीचं काय?” बायको म्हणाली. “डॉक्टरांनी काय सांगितलंय? अहो, तुमच्याशी बोलतेय मी.”

“असू दे गं,” सासरे म्हणाले. “लक्षात ठेवीन मी.”

“तुम्ही गप्प बसा बाबा. लक्षात राहिलं असतं तर इथे कशाला आणलं असतं तुम्हाला?” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “सोडायला तुम्हीच जा. मला ते जमायचं नाही.”

सचिव जाऊन सोडून आले. पेटी जड म्हणून मागे राहिली, सासऱ्यांनी नुसती एक पिशवी नेली. परत आल्यावर सचिवांनी कपाट उघडलं. वर्तमानपत्रांच्या पुठ्ठ्यांच्या चळती, पेट्या, नरसाळी, गुंडाळलेले दोरे, धुऊन चपट्या केलेल्या दुधाच्या पिशव्या. सगळं निळ्या डब्यात गेलं, डबा भरला तशी शेजारचा डबा मागून आणला. तरी विमावाल्यांची बरोबरी व्हायला थोडं कमी पडत होतं. तेव्हा पत्र्याची पेटीही वर ठेवली, आतल्या दाभणासकट आणि हाडाच्या पट्टीसकट. बायको तेव्हा बापाकडे जेवणाचा डबा घेऊन गेली होती.

पाहणीच्या रविवारी काट्याने उभ्या अभियानात पाहिलं नव्हतं असं वजन दाखवलं. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने वाळकं पान खरवडून हिरवं लावलं. “मनात आणलं तर तुम्हाला जमतं, सचिव,” त्या म्हणाल्या आणि पाठ थोपटली. इमारत पहिली आली.

पारितोषिक समारंभ इमारतीच्याच आवारात झाला. खुर्च्यांना एकदाच वापरायची प्लास्टिकची आवरणं, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली, आणि प्रत्येकाला कापडी पिशवी भेट, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. प्रमुख पाहुणे नगर कार्यालयातले मोठे अधिकारी होते. त्यांनी फलक पाहिला, काटा पाहिला, कचऱ्याचा ढीग पाहून ‘वा’ म्हटलं, आणि मग अध्यक्षबाईंच्या कानाशी लागले.

“सगळं उत्तम आहे. पण भाषणात मला परंपरेचा मुद्दा घ्यायचाय. काहीही वाया न घालवणारी जुनी पिढी वगैरे. तसं कोणी दाखवायला आहे का तुमच्याकडे?”

अध्यक्षबाईंनी मागे वळून बोट केलं. “सचिव! तुमचे सासरे कुठे ठेवलेत?”

लगोलग गाडी पाठवली गेली. सासरे आले ते पिशवी हातात घेऊनच. जावयाने न्यायला गाडी पाठवली, म्हणजे शब्द पाळला, असं त्यांना वाटलं असणार. चेहरा खुलला होता. डाव्या हाताला मनगटापर्यंत फडकं बांधलेलं होतं.

“हे काय, बाबा?” सचिवांनी हळूच विचारलं.

“शेगडी,” सासरे ओशाळून म्हणाले. “आज सकाळी राहिली जरा चालू. तिला सांगू नका. फडकं मात्र घरचंच आहे हं, तुमच्याच शर्टाचं. बरं झालं नेलं होतं ते.”

त्यांना व्यासपीठावर बसवलं. मागे घाईने कागद लावला, ‘जिवंत वारसा’. पाहुण्यांनी पुष्पगुच्छ दिला. सासऱ्यांनी तो मांडीवर घेतला, फितीची गाठ एका हाताने सोडवली, वरचा चकचकीत कागद न फाडता काढला, त्याची घडी घातली, फीत त्याच्याभोवती गुंडाळली आणि पिशवीत टाकली. फुलं शेजारच्या बाटलीत ठेवली. आवारभर कौतुकाची लाट उसळली. विमावाल्यांनी तर डोळे पुसले, कागदी रुमालाने, आणि रुमाल खुर्चीखाली टाकला.

पाहुण्यांचा आवाज भरून आला. “पाहिलंत? हे आहेत आपले खरे गुरू! बंधू-भगिनींनो, अशी माणसं आज घराघरांत हवीत! घराघरांत!”

टाळ्या. उभं राहून टाळ्या. शिक्षिका, दाताचे डॉक्टर, अध्यक्षबाई, सगळेच. सासरे भांबावून उठले, ध्वनिक्षेपक अगदी तोंडाशी होता.

“मग कोणाच्या घरी येऊ?” त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता हो. म्हाताऱ्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. टाळ्या आधी पुढच्या रांगेत थांबल्या, मग मागे थांबल्या.

“विचारता काय, बाबा!” मागून सचिवांच्या बायकोचा आवाज आला. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे येत होती. “आपल्या घरी!”

“तुझ्या दाराला हिरवं पान लागलंय बाळ, येताना पहारेकऱ्याने सांगितलं मला,” सासरे म्हणाले. “जावईबापूंना आता वर्षभर ते टिकवायचं आहे. मी आलो की परत वाळतं ते. दुसऱ्या कोणाकडे जमत असेल तर बघावं म्हटलं. आता जुनं फडकं मिळालं की झालं मला, हत्यारं तर…” ते इकडेतिकडे बघू लागले. “जावईबापू, माझी पेटी कुठंय?”

सचिवांनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, ते आता काही बोलणार. त्यांनी छातीवरचा हरितदूताचा बिल्ला सरळ केला आणि हात खाली घेतला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे पाहुणे यायचेत. डॉक्टर म्हणाले, जागा लहान पडते. विमावाले म्हणाले, आले असते तर आनंदच होता, पण घर खोक्यांनी भरलंय. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या समारंभाला उशीर होत होता.

आणि तुम्ही? मघाशी म्हातारा बादलीवर बसून पुस्तक शिवत होता तेव्हा तुम्हीही ‘अरेरे’ म्हणालात, आम्ही ऐकलं. सचिवांना नावंही ठेवलीत. पाहुण्यांचं ते ‘घराघरांत’ तुम्हालाही पटलं. मग बोला. गाडी अजून परत गेलेली नाही, म्हातारा लेकीचं काही न ऐकता पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलाय, आणि चालक विचारतोय कुठल्या पत्त्यावर न्यायचं. तुमचा सांगू?